निकेलच्या टाकीतलं तांबं

दसरा होऊन पंधरा दिवस झाले होते आणि दापोडीच्या आमच्या घरात कुणी धड बोलत नव्हतं. पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय केमिस्ट्री.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, पिंपरीतल्या एका छोट्या कंपनीत निकेल प्लेटिंगच्या टाकीवर होते. स्कूटरची हँडलं हिरव्या द्रावणात टांगून सोडायची, करंट द्यायचा, आणि चकचकीत करून वर काढायची... असं त्यांचं काम. त्या पंधरवड्यात मात्र हँडलांच्या वाकणात काळपट पट्टे यायला लागले. माल रिजेक्ट होऊ लागला, आणि फोरमनने आबांच्या हातात मेमो ठेवला. दुसरा मेमो मिळाला की घरी बसायचं, हे सगळ्यांना माहीत होतं.

खरं सांगायचं तर आबा नेमकं काय करतात हे मी कधी विचारलंच नव्हतं. कॉलेजातली केमिस्ट्री वेगळी आणि आबांच्या शर्टाला येणारा वास वेगळा, असंच माझ्या डोक्यात होतं. त्यात मी काही फार दिवे लावत नव्हते... आदल्या वर्षीचा केमिस्ट्रीचा एक पेपर राहिला होता, तो नुकताच पुन्हा दिला होता आणि निकाल यायचा होता.

पण त्या हिरव्या पाण्यात असं काय शिरलं असेल, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. आबांना म्हटलं, बाटलीभर आणा. "काय करनार त्याचं?" म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीतून खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत घेऊन आले.

प्रॅक्टिकल संपल्यावर मी टेस्ट ट्यूबमध्ये ते थोडंसं घेतलं आणि वर अमोनिया ओतला. द्रावण निळंशार झालं. अमोनियाने निळं म्हणजे तांबं, हे मला पहिल्या वर्षापासून तोंडपाठ होतं. ट्यूब हातात धरून मी तशीच प्रॅक्टिकलच्या बाईंकडे धावले.

बाईंनी वहीतून डोकं वर न काढता विचारलं, "आणि निकेल अमोनियात कसं दिसतं?"

निळंच दिसतं. टाकी निकेलची, म्हणजे ते निळं होणारच होतं. बाई म्हणाल्या, "आता दोघांना वेगळं करून दाखव. येतं तुला."

मग ॲसिड घालून सडक्या अंड्यांच्या वासाचा तो गॅस सोडला. ॲसिडमध्ये निकेल खाली बसत नाही, तांबं बसतं. हे वाक्य मी जर्नलमध्ये कितीदा उतरवलं होतं कोण जाणे. पण जर्नलमधल्या साल्टचं उत्तर बाईंना आधीच माहीत असायचं. या बाटलीचं उत्तर कॉलेजात कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते मला भलतंच आवडून गेलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग तळाशी तपकिरी धूर धरल्यासारखं दिसलं आणि हळूहळू काळं बसलं... ते गाळलं, चार-चार वेळा धुतलं, नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवलं आणि पुन्हा अमोनिया. पांढऱ्या कपड्यावर निळीचा हात राहावा, तेवढंच निळं आलं.

बाईंनी ट्यूब कागदापुढे धरली. "तांबं आहे. कुठून आलं, ते तुझ्या वडिलांना विचार."

आबांना तांबं निकेलला चालत नाही हे पक्कं ठाऊक होतं. हँडलं टांगायची तांब्याची तार टाकीत पडली की ते लगेच काढायचे, आणि तार पडली नव्हती. गुरुवारी कंपनीला सुट्टी असायची, तेव्हा त्यांनी फोरमनला गळ घातली आणि दोघांनी मिळून टाकी ड्रममध्ये उपसली.

तळाशी पैसे होते. जुने, तांब्याचे, कडा खाल्लेले.

खंडेनवमीला टाकीला झेंडूचा हार घालून पूजा झाली होती. नदी ओलांडताना टाकतात तसा प्रत्येकाने टाकीत एकेक पैसा टाकला होता. नवे ॲल्युमिनियमचे पैसे पूजेला कसे चालणार, म्हणून जो तो घरातून जुना शोधून घेऊन आला होता. पहिला पैसा फोरमनचाच होता. मेमो त्याने मुकाट्याने परत घेतला.

पुढे दोन दिवस आबांनी टाकीत जुना पत्रा टांगून अगदी कमी करंटवर टाकी चालवली, म्हणजे उरलंसुरलं तांबं त्या पत्र्यावर चढून निघून जातं. तिसऱ्या दिवशी हँडलं पुन्हा चकचकीत निघाली.

त्या संध्याकाळी मी विचारलं, "आबा, तुम्हाला एवढं माहीत होतं, मग पैसे टाकताना बोलला का नाहीत?"

"पैशाला कोन तांबं म्हनतं, पोरी?"

चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "त्यात एक माझाबी व्हता."

आमच्या घरी देवपूजा नव्हती. बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची, एवढंच. नवस वगैरे बोलणाऱ्यांची आबा सरळ थट्टा करायचे.

"सगळे कायबाय मागत व्हते," ते कपाकडे बघत म्हणाले. "मी म्हनलं, पोरीची केमिस्ट्री सुटू दे."

सुटली. पुढे मी एम.एस्सी. केलं, आयुष्यभर केमिस्ट्रीच शिकवली. अमोनियाने निळं झालं म्हणून धावत येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी बाईंचा तो प्रश्न विचारला... आबांनी जे मागितलं ते त्यांना मिळालं. फक्त त्यासाठी त्यांचा पैसा टाकीतून बाहेर काढावा लागला.