ट्रेसीचं ताट

केंटकीच्या डोंगरातली खाण बंद पडली, गावाच्या चुली थंडावल्या, पण माणसांचा ताठा काही उतरला नाही. हे ओलीटा सायझमोरइतकं कुणाला ठाऊक असणार? शाळेच्या जेवणघरात गल्ल्यावर बसून तिचे केस पिकले होते. पोरं आपापला नंबर दाबायची आणि पडद्यावर नाव उमटायचं: जेवण फुकट, कमी दरात की पूर्ण पैशांत. ते तिलाच दिसायचं. बाहेर ती चकार शब्द काढायची नाही.

त्या सोमवारी नाव आलं, ट्रेसी नेपियर. फुकट.

ओलीटाने नाव पुन्हा वाचलं. ट्रेसी वसंतातल्या पुरात ओढ्यात बुडाली होती. तिकडच्या रीतीप्रमाणे मयताच्या घरी ओलीटानेच केक करून नेला होता. तिने मान वर केली तोवर रांग पुढे सरकली होती.

"मेल्या यंत्राला वेड लागलंय," ती पुटपुटली. पण दुसऱ्या दिवशीही तेच नाव. ती मनातून घाबरली.

मग तिने पडदा सोडून पोरांच्या बोटांवर नजर ठेवली. नंबर दाबत होती डार्ला, ट्रेसीची धाकटी बहीण, यंदाच शाळेत आलेली. ट्रेसीच्या वेळी फुकट जेवणाच्या अर्जावर आईने सही केली होती. आई आता घर सोडून गेली होती, आणि बाप डार्लाच्या अर्जावर सही करेना. म्हणायचा, "आम्ही नेपियर भिकेचं खात नाही." म्हणजे सरकारच्या लेखी मेलेली पोर गरीब आणि जिवंत पोर खाऊनपिऊन सुखी! ओलीटाला संताप आला.

"नंबर कुणी दिला गं?" तिने हळूच विचारलं.

"ताईनं. म्हणाली, माझं तू खा."

"कधी म्हणाली, सोन्या?"

"काल." डार्लाने दुधाचा एक खोका घेतला, प्यायच्या नळ्या मात्र दोन. "तिला थोडं दूध लागतं."

शुक्रवारी जिल्ह्याच्या कचेरीतला माणूस आला. "बाई, ही ट्रेसी नेपियर गरीब मुलांच्या मोजणीत आहे, पण वर्गात हजेरी नाही. शाळेत येते का? नसेल तर नंबर बंद करतो."

नंबर गेला की डार्ला उपाशी. ओलीटाने शेवटच्या बाकाकडे पाहिलं. डार्ला एकटीच बसली होती, खोक्यात दोन पारदर्शक नळ्या. एक तिच्या तोंडात होती. दुसरीतूनही दूध सावकाश वर चढत होतं.

"येते की," ओलीटा म्हणाली. "रोज येते. आत्ताच जेवायला बसलीये."