उंचवट्यांतून न गेलेला छेद

गिअरबॉक्सचं झाकण आतून पोकळ करायचं काम मी सगळ्यात शेवटी केलं, हा माझा मूर्खपणा. ऐकायला एवढासाच आहे. नात म्हणते, "आजी, त्यात काय एवढं?" मीही तेव्हा तेच म्हणत होते.

नव्वदच्या दशकाची अखेर. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी केस पांढरे व्हायला लागेपर्यंत ड्रॉइंग बोर्डापुढे उभी होते. वस्तू कापली तर आत काय दिसेल, ते दाखवणारा छेद म्हणजे सेक्शन. तो काढावा तर मीच. त्यातल्या तिरक्या रेघा अशा, की रांगोळी घालणारीनं बघत राहावं. असं मीच म्हणायची; दुसरं कुणी म्हटल्याचं आठवत नाही.

मग आमच्या खात्यात संगणक आला. एकच. त्यात रेघा काढायच्या नव्हत्या, एकेक पायरी करत अख्खी वस्तूच उभी करायची होती. साहेब म्हणाले, "बाई, हे झाकण करून बघा. जमलं तर मशीन तुमच्याकडे. नाहीतर पुण्याहून माणूस आणू." खात्यातले तिघे पुरुष गालात हसले. ते मशीन त्यांच्यातल्या कुणालाच नको होतं. फक्त मला मिळायला नको होतं. आणि मला तर ते हवंच होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांनी ठरवलेलं मी सुबक करून देत आले होते. या खुर्चीत बसणारा स्वतः ठरवणार होता.

बसली मग ती शहाणी, म्हणजे मीच, नाकावर चष्मा चढवून.

कागदावर आमची रीत अशी, की आधी बाहेरचा आकार, मग आतलं तुटक रेघांनी. कागदाला त्याचं काही नसतं. आधी काय काढलं नि नंतर काय, हे तो विसरून जातो. ते यंत्र काही विसरत नव्हतं. मी ठोकळा केला, त्याच्या चार कोपऱ्यांवर बोल्टांसाठी चार जाड उंचवटे चढवले, कडा गोल केल्या आणि शेवटी हुकूम सोडला, आता हे सगळं आतून पोकळ कर, भिंत सगळीकडे सारखी ठेव. यंत्र आज्ञाधारक. त्यानं ते चार उंचवटेही आतून कोरून काढले, भरल्या वांग्याचं देठसुद्धा कोरावं तसे. आधी पोकळ करून मग उंचवटे चढवले असते, तर ते भरीव राहिले असते.

बाहेरून काही कळायला मार्ग नव्हता. दुकानात नवी साडी खांद्यावर टाकून आरशात वळून वळून बघावं, तशी ती बया झाकण फिरवत बसली. छेदही घेतला, अगदी मधोमध, सरळ. उंचवटे राहिले कोपऱ्यांत. मी बोर्डावर असते तर छेदाची रेघ वाकडी करून उंचवट्यातून नेली असती, कारण आत काय आहे ते मला स्वतःला ठरवावं लागायचं. इथं रेघासुद्धा आपोआप आल्या, मग डोकं कोण चालवतंय? खालून बघितल्यावर प्रत्येक उंचवट्याच्या जागी एक जास्तीचा गोल दिसत होता. मला वाटलं, काय बारकाई आहे यंत्राची. त्या गोलांना मी मापंसुद्धा दिली.

सांगलीत पॅटर्न, म्हणजे ओतकामासाठीचा लाकडी नमुना झाला, ओतकाम होऊन झाकणं आली. ड्रिलवरचा कामगार एक झाकण घेऊन वर आला. "बाई, ड्रिल लावलं आन् ते आरपार गेलं. आत काय हायच न्हाई."

"असं कसं?"

"मला काय इचारता? उचलायला लय हलकं हाय मात्र."

त्या दिवशी मी छेद उंचवट्यातून घेतला. पडद्यावर चार रिकाम्या वाट्या. बाजूच्या यादीत सगळ्या पायऱ्या ओळीनं होत्या. पोकळ करायची पायरी धरली आणि ओढून उंचवट्यांच्या पायरीच्या वर, म्हणजे तिच्या आधी, नेऊन ठेवली. वाट्या भरल्या. टेबलावरच्या चहावर साय धरायच्या आत झालं ते. आलेली झाकणं मात्र सगळी भंगारात गेली.

नवं ड्रॉइंग घेऊन साहेबांबरोबर जीपनं सांगलीला गेले. पॅटर्नवाला जुना कागद पुढं करून म्हणाला, "आवं बाई, गोल तुमीच काढलाय, माप तुमीच दिलंय. मला वाटलं, वजन कमी करायचं आसंल."

साहेब हसले. मीही हसले, काय करणार.

परत येताना कराड गेल्यावर साहेबांनी सांगितलं, सोमवारी पुण्याचा माणूस येतोय, तुम्ही प्रिंटच्या खोलीत बसा. दुसऱ्यांच्या ड्रॉइंगच्या प्रती काढायची, अमोनियाच्या वासानं डोळे चुरचुरतात ती खोली. मी म्हटलं, "साहेब, चूक मीच काढली, मीच दुरुस्त केली. आणि आपल्या खात्यात मागं एकानं भोकं उलट्या बाजूला दिली होती, तेव्हाही सगळा माल गेला. त्याच्या हातातली पेन्सिल कुणी काढून घेतली नाही."

साहेब अगदी मायेनं म्हणाले, "अहो, रागावू नका. तुमच्याच सोयीचं बघितलंय मी. आता संध्याकाळी वेळेवर घरी जाऊन स्वयंपाकाला लागता येईल."