पाठमोरी आक्का

आमच्या जुन्या घराची भिंत मला पुन्हा दिसली ती मुलीच्या कॉम्प्युटरवर, एका रविवारी दुपारी. मुलगी शेंद्र्याच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. सुट्टीला ती एका ऑनलाइन खेळात रमते. त्या खेळात एक अख्खं जगच आहे, रस्ते, बाजार, घरं. देशोदेशीचे लोक त्यात हिंडतात.

"मम्मी, तू सांगतेस ते झाड हेच का गं?"

तेच होतं. चिकलठाण्याच्या कारखान्यात यंत्रांना लावून उरलेला हिरवा रंग स्टोअरवाल्यानं माझ्या वडिलांना दिला होता. त्या रंगानं त्यांनी पडेगावच्या बाजूला आमच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर पिंपळ काढला. पानापानावर एकेक अक्षर. गल्लीतली पोरं त्यावरून वाचायला शिकली. झाडाखाली एक मुलगी बसलेली, पाठमोरी. ती माझी आक्का. अकराव्या वर्षी तापानं गेली. तिचा फोटो काढायचा राहूनच गेला होता. मी तेव्हा सहा-सात वर्षांची. विचारलं, "बाबा, आक्काचं तोंड का नाय काढलं?" ब्रश धूत ते म्हणाले, "हात चालत नाय, बाळा."

पुढं विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला. आमचंही घर जाळलं गेलं. आम्ही जीव घेऊन निघालो म्हणून वाचलो. छप्पर गेलं, भिंत काळी पडून उभी राहिली, चित्र मात्र दिसत होतं. कुणा विद्यार्थ्यानं तिचा फोटो काढला. नंतर भिंतही पडली, वडीलही गेले. फोटो मात्र हातोहात फिरत इंटरनेटवर पोचला आणि तिथून खेळ बनवणाऱ्यांनी उचलला.

त्यांनी आमच्या घराचा भूतबंगला केला होता. मुलीनं खेळातली आपली बाहुली भिंतीजवळ नेली. आक्का उठली, हळूहळू वळली. तिला तोंड होतं. फिकट, मोठ्या डोळ्यांचं. ती किंचाळली आणि भोवतालचे खेळाडू हसत पळाले. मी खुर्ची धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी क्रांती चौकातल्या एका वकीलबाईंकडं गेले. मला वाटलं होतं, भिंतच नाही तर कसला हक्क? त्या म्हणाल्या, "भिंत पडली म्हणून चित्राचा हक्क पडत नाही. काढणारा गेल्यावर साठ वर्षं तो वारसांचा असतो. खेळातल्या जगात वापरलं तरी परवानगी लागतेच."

आम्ही तक्रार पाठवली. कंपनीचं उत्तर आलं, की चित्र अज्ञात लोककलावंताचं आहे. अज्ञात! रोज कारखान्याच्या दारात कार्ड पंच करणारा माणूस. वकीलबाई म्हणाल्या, "रागावू नका. पुरावा आणा."

पुरावा मायच्या पेटीत होता, वडिलांची वही. जळत्या घरातून तिनं ती पदराखाली आणली होती. त्यात पेन्सिलनं तोच पिंपळ, तीच अक्षरं, तीच पाठमोरी पोर, खाली वडिलांची सही. वही देण्याआधी माय म्हणाली, "मला दाव आधी. काय केलंय त्यांनी माझ्या लेकीचं."

मी नको म्हणत होते, पण ती ऐकेना. नातीनं दाखवलं. माय चष्मा सारखा करून बघत राहिली. आक्का वळली तेव्हा तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"ही नाय," ती म्हणाली. "ही माझी लेक नाय."

वही, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, वारसाची कागदं, माझं प्रतिज्ञापत्र, सगळं गेलं. मग कंपनी नरमली. वडिलांचं नाव देतो, चित्र राहू द्या, अशी विनंती आली. मी नाही म्हटलं. महिन्याभरात भिंत कोरी झाली. तिथं काही खेळाडू येऊन उभे राहायचे. एकानं विचारलं होतं, ती मुलगी कुठं गेली? माझी लेक म्हणाली, "मम्मी, आपण जिंकलो." मी हसले, पण त्या कोऱ्या भिंतीकडं बघवेना. आक्काला घालवणाऱ्यांत या खेपेला मीही होते.

त्यानंतर खेळाडूंनीच तिच्या नकला करून दुसऱ्या जागी बसवल्या. दर जागेची वेगळी तक्रार. दिसली की मी फॉर्म भरते. 'चित्राशी तुमचं नातं' असा त्यात एक रकाना असतो. मी 'चित्रकाराची मुलगी' लिहिते. बहीण लिहायला जागा नसते.

पहिली तक्रार निकाली निघाली तेव्हा मायला सांगायला गेले होते. ती पायरीवर बसली होती.

"गेली का?"

"गेली, माय."

"बरं झालं." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "लई आठवून बघितलं गं मी. नाक कसं होतं, हसायची कशी. डोळं मिटलं की तीच येती. ती खेळातली."

मी तिचा हात हातात घेतला. मलाही तीच दिसते, हे तिला सांगितलं नाही.