सात नंबरचा साग

सागाच्या खोडाला गिरमिटानं भोक पाडलं की गोविंदकाका ते मेणानं बुजवत आणि मेण बसेपर्यंत त्यावर तळहात ठेवून उभे राहत. उटनूरच्या जंगलात ते वनखात्याचे वाचर, म्हणजे राखणदार होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सुट्टीत त्यांच्यासोबत नोंदी लिहायचं काम मिळालं होतं. पहिल्या दिवशी माझी वही पाहून ते म्हणाले, "अक्षर तं तुहं सरय हाय. आतून कसा हाय, ते गिरमिट लावून पाहा लागते."

जंगलातले सर्वांत उंच, सरळ साग कलमांसाठी निवडले होते. त्यांच्यावर पिवळा पट्टा असे. आता त्यांचं लाकूड आतून कसं आहे ते तपासायचं होतं. खोडातून पेन्सिलीएवढी कांडी काढायची, वाळवायची, तोलायची; जड भरली तर लाकूड पक्कं. सात नंबरचं झाड काकांनीच शोधलेलं. त्याच्या बियांतलं एक रोप त्यांनी आपल्या क्वार्टरसमोर लावलं होतं. ते छपराच्या वर गेलं होतं. बियांसाठी वाढवलेल्या कलमांची नर्सरी तिथंच, कुंपणापलीकडे.

सातची कांडी सर्वांत हलकी भरली. मी दोनदा तोलली. मग अडखळत म्हटलं, काटा जुना आहे, थोडं वाढवून लिहू का.

"काऊन?" काका म्हणाले. "साठ वर्सांनी कोनी कापीन त्याच्या कलमाचं झाड. तो काय म्हनीन आपल्याले? हाय ते लिही बावा."

मी लिहिलं. मग सात नंबरपाशी जाऊन त्यांनी कोयत्यानं पिवळा पट्टा खरवडून काढला. परतताना ते नर्सरीतल्या पाण्याच्या पाळीबद्दल बोलत होते.

क्वार्टरसमोरचं झाड त्यांनी तोडलं नाही. पण पावसाळ्यात फुलोरा आला की आकडी लावलेल्या बांबूनं तो काढून टाकत. त्याचा पराग शेजारच्या कलमांवर जाऊ नये, म्हणून. तोडत का नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "राहो बिचारं. त्याचा वंस नाही वाढू द्याचा, बस."

ते वारले तेव्हा माझी परीक्षा चालू होती. मी पोचलो तो पंधरा दिवसांनी. क्वार्टरला कुलूप होतं. झाड पांढऱ्या फुलांनी भरलं होतं. बांबू भिंतीला टेकून होता. रडू आलं नाही. मी बांबू उचलला आणि फुलोरे ओढत राहिलो. खाली चिखलात पांढरा थर साचला.

शेंड्यापर्यंत बांबू पोचत नव्हता.