शेंदराखालचं नाव

"देवाला चाकू लावताय व्हय, राव?" बबनराव ओरडले. मी म्हणालो, "चाकू नाही, बांबूची काडी आहे. आणि हा देव नाही, जर्मन खंजीर आहे."

बबनराव पिंपरी पेंढारचे बागायतदार. त्यांचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. तिथं एका जर्मन अधिकाऱ्याशी झटापट करून त्यांनी हा खंजीर हिसकावला, अशी घरची कथा. दसऱ्याला वेशीवर आजोबांच्या नावाची कमान उभी राहणार होती. तिचं उद्घाटन करताना वाचायला बबनरावांना माझं सर्टिफिकेट हवं होतं. मी म्युझियममधून रिटायर झालेला माणूस. जुनी हत्यारं साफ करणं आणि ती कुठली ते शोधणं, एवढंच मला येतं.

मूठ आणि पातं यांच्या मधल्या आडव्या पट्टीवर पुढून जर्मन सैन्याचा गरुड असतो. त्याच्या पायात त्यांचं स्वस्तिक. घरच्यांनी गरुड पाहिला, स्वस्तिक पाहिलं आणि खंजिराला थेट देव्हाऱ्यात बसवलं. दर खंडेनवमीला पातं चिंच-राखेनं घासायचं, पट्टीला शेंदूर लावायचा. पात्यावरचा कारखान्याचा शिक्का त्यात पार झिजला होता. पण घडणीवरून ओळख पटली.

"हा अधिकाऱ्यांनी समारंभात कमरेला लटकवायचा खंजीर. याला धारच नसते. याच्यानं झटापट होत नाही."

"मंग आजा खोटं बोलला का काय?"

मी खंजीर पालथा केला. पट्टीची मागची बाजू सपाट असते. तिथला शेंदराचा थर मी तासभर खरवडला. खालून खिळ्यानं ठोकलेले ठिपके निघाले. आपल्याकडं लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतात, अगदी तसे.

'विठू धोंडी, डिंगोरे.'

बबनरावांच्या आजोबांचं नाव ज्ञानदेव. बबनरावांनी ते नाव दोनदा वाचलं. मग म्हणाले, "आज्याचा जोडीदार व्हता. तिकडंच गेला. आजा पुन्हा कंदी डिंगोऱ्याला गेला न्हाई."

मरताना मित्रानं घरी पोचवायला दिला असेल, किंवा ज्ञानदेवांनी उचलला असेल. ते खंजीर सांगत नाही. कुणाचा होता, तेवढं सांगतो.

"रिपोर्टात त्ये नाव नका घालू."

"जे दिसतं ते लिहिणार."

रिपोर्ट न घेताच ते खंजीर घेऊन गेले. मी फोटो काढून ठेवला होता. तो घेऊन डिंगोऱ्याला गेलो. विठूची मुलगी सरूबाई तिथंच भावकीत राहते. वय ऐंशीच्या पुढं, डोळे गेलेले. बाप लढाईवर गेला तेव्हा ती पाळण्यात होती. मी सगळं सांगितलं. तिनं आतून तांब्या आणवला आणि त्याच्या काठावर बोट फिरवलं.

"ह्ये माज्या बापाचं नाव. मला वाचाया येत न्हाई, पर बोटाला समजतं." मग तिनं माझा फोटो चाचपला. "ह्याच्यात तर काईच लागंना. त्या हत्याराला एकडाव हात लावू देतील का? मला ठिवून घ्यायचं न्हाई."

मी बबनरावांना फोन केला. ते लगेच म्हणाले, "आणा की म्हातारीला दसऱ्याला. नको कोण म्हणतंय?" मला बरं वाटलं. माणूस आतून चांगला आहे, असंही मी दसऱ्याला नेताना वाटेत सरूबाईंना सांगितलं. वय वाढलं म्हणून अक्कल वाढतेच असं नाही.

कमानीखाली मांडव होता. बबनरावांनी स्वतः म्हातारीच्या हातात खंजीर ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनं पट्टीच्या मागून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग माझ्याकडं तोंड केलं.

"गुळगुळीत हाय वो."

मी खंजीर उलटा केला. पट्टी आरशासारखी चकाकत होती.

"मशीनवर पॉलिश करून घेतलं, पावणं," बबनराव म्हणाले. "चार लोकांत बरं दिसतं."

मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वाजवली नाही. म्हातारीला घेऊन परत निघालो. गाडीत ती एकदाच बोलली. "तुमी चुकून दुसरंच नाव वाचलं आसंल, भाऊ." ती माझीच समजूत घालत होती.

तेव्हापासून कुणी जुनी वस्तू साफ करायला आणली, की आधी विचारतो, खालून जे निघेल ते तुम्हाला चालेल का? बबनरावांना विचारलं नव्हतं. शेंदरानं ते नाव इतकी वर्षं राखलं होतं. मी ते एका दुपारी उघडं पाडलं.