अप्पर मूटेरेला, हाइनरिखच्या शोधात

२००६ च्या ईस्टरला निघालो ते रॉनमुळे. रॉन म्हणजे माझा सासरा. इथे सासऱ्यालाही नावानेच हाक मारतात, मला अजून जड जातं. त्याचे पणजोबा जर्मनीहून जहाजाने नेल्सनजवळ, अप्पर मूटेरेला आले. त्यांच्या झिजलेल्या थडग्यावर नवी पाटी बसवायची होती आणि तिचा मजकूर मी दिला होता. पणजोबांचं नाव योहान हाइनरिख ब्रुकहॉफ, म्हणून पाटीवर ‘हाइनरिखचा मुलगा योहान’. शाळा दहावीत सुटलेल्या माणसावर एवढं सोपवलं, म्हणून प्रत्येक अक्षर मी तीनदा तपासलं होतं.

ऑकलंडहून नेल्सनला विमान दीडेक तासाचं. तिकीट लवकर काढा, स्वस्त पडतं. तिथून भाड्याच्या गाडीने अप्पर मूटेरे पाऊण तासावर. गुड फ्रायडेला दुकानं बंद असतात, डबा बरोबर ठेवा. रॉन, मी आणि बायको जेनेट, तिने केलेली चटणी सँडविचेस खात गेलो. धुकं टेकड्यांच्या कुशीत बसलेलं. बिअरसाठी लावतात त्या हॉप्सच्या वेली उतरवून झालेल्या, नुसते उंच खांब आणि तारा. गाडी चालली होती की टेकड्याच सरकत होत्या, कळेना. वाटेत सफरचंदांच्या पिशव्या मांडलेल्या, शेजारी पैशांचा डबा, माणूस कुणीच नाही.

शनिवारी सकाळी चर्चमध्ये जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या हिल्डाने पणजोबांच्या बाप्तिस्म्याची जर्मनीहून आलेली प्रत काढली. मग पाटीच्या मजकुराचा माझा कागद वाचला.

“हा हाइनरिख कोण?”

“वडील. मधलं नाव आहे ना.”

“मधलं नाव वडिलांचं कशाला असेल?”

आपल्याकडे मधलं नाव बापाचंच. दुसरं काही असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. हाइनरिख होता बाळाचा धर्मपिता, बाप्तिस्म्याला त्याची जबाबदारी घेणारा. वडील क्लाउस, आणि त्यांचं आडनावही ब्रुकहॉफ नव्हतं! ॲना नावाच्या शेतमालकिणीशी लग्न करून ते तिच्या शेतावर राहायला आले आणि तिकडच्या चालीप्रमाणे शेताचंच नाव लावू लागले. ब्रुकहॉफ म्हणजे पाणथळ कुरणाकाठचं शेत.

पाटी मंगळवारी कोरली जाणार होती. गप्प राहावं, असं क्षणभर वाटलं. बाहेर रॉन गुडघ्यांवर बसून थडग्याच्या दगडावरचं शेवाळ ब्रशने घासत होता.

“रॉन, पाटी थांबव. बाप चुकलाय.”

“कुणाचा?”

“तुझ्या पणजोबांचा.” मग सगळं सांगितलं.

त्याने ब्रशने कुंपणापलीकडच्या कुरणाकडे, इथल्या भाषेत पॅडककडे, खूण केली. “म्हणजे सत्तर वर्षं मी एका पॅडकचं नाव लावतोय?”

“आमच्याकडे अशा जावयाला घरजावई म्हणतात,” मी म्हणालो.

“डॅड, हासुद्धा तोच की!” जेनेट खिदळली. “तुझ्याच स्लीपआउटमध्ये राहतो.”

माझे कान तापले. परसातल्या त्या खोलीबद्दल आम्ही तिघं कधी बोललो नव्हतो. रॉनने ब्रश माझ्या हातात दिला.

“मग लाग घासायला. घरचाच दगड आहे.”

परतून महिना झाला. पाटीवर आता ‘ॲना आणि क्लाउस यांचा मुलगा’ आहे. ॲना आधी हवी, हा हट्ट रॉनचा. ऑकलंडला, माउंट रॉस्किलच्या त्याच परसातल्या खोलीत मी आता माझ्या घराण्याचा तक्ता काढतोय. परवा आईला फोन करून विचारलं, बाबांच्या आईचं माहेरचं आडनाव काय?

“सासूबाईंचं? कुणास ठाऊक रे. विचारायची हिंमत कुणाची होती!”

आजीच्या नावापुढे मी पट्टीने चौकट आखलीय. रिकामी आहे, पण आखलीय.