भागीरथाच्या टाक्याचे कट्टे

मनसाराम राखत होता ते धान कोणाचं, असं कोणी विचारलं असतं तर सांगायला घटकाभर बसावं लागलं असतं. पिकवलं गावानं, घेतलं सहकारी संस्थेनं, पैसा सरकारचा, भरडणार गिरणीवाला आणि खाणार कोण ते देवालाच ठाऊक. इतके मालक, पण डोक्यावर छप्पर घालायला एकही पुढे नाही! कुरखेड्याच्या पलीकडे, गाव संपून जंगल लागतं तिथल्या उघड्या मैदानात ते धान ताडपत्रीखाली पडलं होतं. गोदाम मागच्या सालच्या धानानं भरलेलं. मागच्या सालचं का पडून, तर गिरणीवाल्यांनी उचललं नाही. भरडाईचा दर परवडत नाही म्हणून ते अडून बसलेले, आणि दर वाढवायचं मुंबईतल्यांच्या मनात येईना. तोवर धान मैदानात आणि मनसाराम धानापाशी.

मनसाराम साठी उलटलेला, काटक, बोलायला महाकंजूष माणूस. घरची तीन एकर धानाची बांधी होती, जन्मात कोणाची चाकरी केली नव्हती. तो स्वतःच्या पायानं संस्थेत राखणदारी मागायला गेला तेव्हा सचिव भूपेश चाटच पडला.

"भाऊ, तुमाले का कमी आहे जी? राखणदारीले काऊन येता?"

"घरी करमत नाई," मनसाराम म्हणाला.

हे खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं त्यानं कोणालाच सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर लोकांनी म्हाताऱ्याला खुळ्यात काढलं असतं.

पौषात त्यानं आणि भागीरथानं धान दिलं होतं. भागीरथा त्याची बायको. संस्थेनं बारदाना वाटला, भरून शिवून आणा म्हटलं. आमच्याकडे घरोघरी कट्टे, म्हणजे धानाची पोती, शिवण्याची रीत अशी, की शेवटच्या गाठीत आपल्या घरच्या लुगड्याच्या काठाची चिंधी अडकवायची. खरेदी केंद्रावर ढिगात ढीग मिसळतात, चिंधी दिसली की आपला कट्टा ओळखू येतो. कोणाची हिरवी, कोणाची पिवळी, भागीरथाची लाल. पण तिला चिंधीचीही गरज नव्हती. बाई डावखुरी. सगळ्या गावाचे टाके उजवीकडे झुकत, तिचे डावीकडे. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं कपाळावर हात मारून घेतला होता, "उलट्या हाताची सून आणली बाप्पा!" पुढे तीच सासू गावभर सांगत फिरायची की भागीरथाच्या टाक्यातून एक दाणा सांडत नाही.

घरी खायला दोन कट्टे ठेवू, असं ती म्हणत होती. मनसारामनं ऐकलं नाही. "सारं देऊन टाक. केंद्र बंद झालं तर कुठी नेतो मंग? रेशनचं तांदूळ येतेच."

"अजून नवं नाई खाल्लं आपण," ती म्हणाली. दरवर्षी नव्या धानाचा भात ती आधी देवापुढे ठेवायची, मग याच्या ताटात. पहिला घास त्यानं घेतला की विचारायची, "कसा आहे?" आणि हा गडी चाळीस वर्षं एकच उत्तर देत आला होता: "बरा आहे." बाकी एक शब्द नाही. शब्दाला काय सोनं लागत होतं? पण नाही म्हणजे नाही.

त्या दिवशी ती रुसली नाही, हसली. "जाऊ द्या. आपलं धान सरकारले, सरकारचं तांदूळ आपल्याले. फिरून येईल माहेराले." तिचा हा नेहमीचा विनोद. गावात सगळे असंच करतात. आपलं पिकलेलं देतात, दुसऱ्या कुणाचं पिकलेलं रेशनच्या पिशवीतून आणून खातात. अर्थशास्त्र शिकलेल्यांना यात काही तरी शहाणपण दिसत असेल. भागीरथाला हसू यायचं.

माघात ती गेली. सकाळी आंगण सारवलं, छातीत दुखतं म्हणाली, दवाखान्याची गाडी येईपर्यंत थांबली नाही. तेरवी झाली, पाहुणे पांगले. लेक उर्वशी मूल गावी आपल्या सासरी परत गेली. मनसाराम रिकाम्या घरात बसला आणि त्याच्या ध्यानात आलं की घरात भागीरथाच्या हातचं काहीच शिल्लक नाही. लुगडी लेकीनं आणि त्याच्या बहिणींनी नेली. सारवलेलं आंगण पायाखाली उखडलं. तिनं रोवलेलं, निंदलेलं, कापलेलं, चुरलेलं धान, तिच्या उलट्या हाताच्या टाक्यात शिवलेलं, ते त्या मैदानात होतं. बस, तेवढंच. म्हणून तो राखणदारीला गेला.

सुरुवातीला बरं होतं. लाल चिंध्यांचे कट्टे थप्पीच्या पूर्वेच्या कडेला, हाताशी होते. मनसाराम तिथेच घोंगडी टाकून पाठ टेकायचा. सोबतीला दुसरा राखणदार झिंगू होता, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. मनसाराम हूं हूं करायचा आणि मनात म्हणायचा, हा गप्प का बसत नाही. मग हत्ती आले. ओडिशाकडून आलेला तो कळप आता आमच्या जंगलात घरच्यासारखा फिरतो. एका पहाटे आले, थप्पीची एक बाजू उसकटली, पोटभर खाल्लं आणि चालते झाले. गाव म्हणालं, सालभरात धानाची उचल केली ती हत्तींनीच! पण झिंगूला हसू आलं नाही. "जीव गेल्यावर पगार कोण घेईन बे?" म्हणत तो जो घरी गेला तो परत आला नाही. आता मात्र मैदान मुकं झालं. तोंडाचा पट्टा हवासा वाटू लागला, पण कुठला झिंगू नि कुठलं काय. मनसाराम कट्ट्यांशी बोलायला लागला. फार नाही, आपलं एखादं वाक्य. "आज ऊन लय आहे." "उर्वशीचा फोन आल्ता."

उर्वशी रोज फोन करायची. "बाबा, इकडं या ना. हत्तीच्या तोंडी कायले बसता?"

"धान आहे ना बाई इथी."

"सरकारचं धान! तुमचं का आहे त्याच्यात?"

यावर तो "ठेवतो" म्हणायचा आणि फोन बंद करायचा.

फाल्गुनात अचानक एक ट्रक आला. कुठल्या तरी गिरणीवाल्यानं थोडं धान उचलायचं कबूल केलं होतं. हमालांनी कडेचे कट्टे धरले, आणि मनसाराम घोंगडी सोडून उभा राहिला. एकेक कट्टा पाठीवर जात होता, ओळ सरकत सरकत लाल चिंध्यांपाशी आली आणि ट्रक भरला. ड्रायव्हर म्हणाला, बाकीचं पुढच्या फेरीले. त्या दिवशी मनसारामला जेवण गेलं नाही.

चार रोजांनी अवकाळी पाऊस झाला. थप्पी मोडून, वाळवून पुन्हा रचायची ठरली. हमालांवर देखरेख मनसारामची. त्यानं काय करावं? लाल चिंध्यांचे सगळे कट्टे वेचून अगदी खालच्या थरात, बरोबर मधोमध टाकायला लावले. त्यांच्यावर बाकी गाव रचलं. म्हणजे कितीही ट्रक आले तरी भागीरथाचे कट्टे सर्वांत शेवटी जातील. कोणाला कळलं नाही. त्या संध्याकाळी तो कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

अरे, पण शेतकरी ना तू? बुडाचं धान आधी ओलावतं हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. थप्पीखाली लाकडी फळ्या लागतात. संस्थेला त्या मिळाल्याच नव्हत्या, नुसता भुसा पसरला होता. भागीरथा तर जेठ लागला की घरचे कट्टे पालटायची. खालचे वर, वरचे खाली. "बुडाचं आधी खा, नाई तर ढोर बी नाई खाणार," हे तिचंच बोलणं. मनसारामनं ते चाळीस वर्षं ऐकलं होतं.

जेठ लागला तेव्हा त्याला ते आठवलंही. तो संस्थेपर्यंत गेला. भूपेश वैतागून बसला होता. "भाऊ, कट्टे पालटाले हमाल कुठून आणू जी? वरून सांगतात उचल होऊन राह्यली, आठ दिवस थांबा. आठ दिवस, आठ दिवस करून पावसाळा आला!"

मनसारामनं जोर धरला असता तर भूपेशनं काही तरी केलं असतं. माणूस वाईट नव्हता. पण कट्टे पालटले की भागीरथाचे वर येणार, आणि वरचे आधी जाणार. मनसाराम म्हणाला, "बरं आहे," आणि परत आला. मनाला समजावलं की आपले कट्टे मधोमध आहेत, ओल कडेनं येते. माणसाला जे हवं असतं त्याच्यासाठी त्याला कारण बरोबर सापडतं.

पाऊस लागला तो धरून लागला. ताडपत्रीला भोकं पडली, नवी ताडपत्री आली ती महिनाभरानं. बैल गेला आणि झोपा केला. मैदानात पाणी साचायचं आणि मनसाराम कुदळीनं चर काढत भिजायचा. आजूबाजूच्या बांध्यांत धानाचा रोवणा चालू होता, बायांची गाणी ऐकू यायची. त्याची स्वतःची बांधी यंदा पडीक होती. एकट्यानं कोणासाठी रोवायचं? ताडपत्रीवर हात ठेवून तो म्हणायचा, "आहे ना बरी?" खालून ऊब लागायची. त्याला ती ऊब गोड वाटायची. धान आतून तापायला लागलं की कुजतं, हेही त्याला ठाऊक होतं, पण त्यानं तो विचार मनात येऊ दिला नाही.

दर वाढवल्याचा निर्णय श्रावणात आला आणि एकदम ट्रकांची रांग लागली. सालभर झोपलेले सगळे एकाच दिवशी जागे! हमाल वरून खाली येऊ लागले. वरचं धान बरं निघालं, मधलं पिवळं, त्याच्या खालचं काळं. वास असा सुटला की हमालांनी नाकाला दुपट्टे बांधले. मनसाराम बाजूला उभा होता. शेवटचा थर उघडा पडला तेव्हा गिरणीवाल्याचा माणूस लांबूनच म्हणाला, "हे नाही घेणार. फेका."

भागीरथाच्या कट्ट्यांना मोड आले होते. पांढरी मुळं गोणपाटातून बाहेर येऊन एकमेकांत गुंतली होती. हमालानं एक ओढला तर बुडच खाली राहिलं. लाल चिंध्या काळ्या पडल्या होत्या. पण टाके एकाही कट्ट्याचे सुटले नव्हते.

मनसाराम त्या कट्ट्यांपाशी खाली बसला. "म्या ठेवलं वो हे इथी," तो म्हणाला, "म्या ठेवलं," आणि लहान लेकरासारखा रडायला लागला. चार माणसांसमोर, भर दुपारी. भागीरथा गेली त्या दिवशीही तो असा रडला नव्हता.

भूपेशला वाटलं, म्हातारा नुकसानीला भ्याला. "भाऊ, तुमच्यावर नाई येणार जी. फळ्या नोत्या, ताडपत्री नोती, मी लिहून देतो ना. उठा." मनसारामनं मान हलवली. नुकसानीचं त्याच्या मनातही नव्हतं. आपलंच धान फिरून माहेराला येईल, असं ती म्हणाली होती. ते आता कोणाच्याच घरी जाणार नव्हतं. कुठल्या अनोळखी गावी, कुठल्या अनोळखी ताटात पडलं असतं, एखाद्या लेकरानं पोटभर खाल्लं असतं, तरी चाललं असतं की. जवळ ठेवायच्या हट्टापायी त्यानं ते कोणाच्याच तोंडी लागू दिलं नाही.

ट्रक गेले, हमाल गेले. टाकलेले कट्टे ट्रॅक्टर येऊन नेणार होता. त्याच्या आधी मनसारामनं विळ्यानं एकेक कट्टा फाडला आणि कोपरापर्यंत हात घालून आत शोधू लागला. सगळा चिखल. दुपार टळत आली तेव्हा एका कट्ट्याच्या पोटात, टाक्यांच्या अगदी खाली, धड राहिलेले दाणे लागले. ओंजळभर. रंग उतरलेला, वास आंबूस, पण दाणे धड. ते त्यानं दुपट्ट्यात बांधले आणि कित्येक महिन्यांनी घराचं दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी उन्हात वाळवून त्यानं ते धान उखळात घातलं. मुसळ तिच्या हातानं गुळगुळीत झालेलं. कांडून, पाखडून तांदूळ निघाले ते मूठभर, त्यातही अर्धी कणी. चूल पेटवली. भात शिजला तो काळपट, चिकट, आणि घरभर कुबट वास. कुत्रं दारात आलं, हुंगून निघून गेलं.

त्यानं देवापुढे चिमूटभर ठेवला. दोन ताटं मांडली, मग एक उचलून पुन्हा फळीवर ठेवलं. पाटावर बसला आणि पहिला घास तोंडात घातला. कडू जहर. घशाखाली उतरेना. पाण्याचा घोट न घेता त्यानं तो उतरवला, मग दुसरा, मग तिसरा. ताट पुसून खाल्लं, एक शीत ठेवलं नाही.

मग चुलीकडे, जिथे ती बसायची तिकडे त्यानं पाहिलं. कोणी काही विचारलं नाही.

"लय गोड झाला वो, भागीरथा," मनसाराम म्हणाला. "दरसाली होत होता."